संबळ, तुणतुणे आणि घरचा संगणक

एकाच गाण्यातील निरनिराळे आवाज स्वतंत्र ट्रॅकवर नोंदवून, त्यांची तीव्रता आणि पोत नंतर हवे तसे जुळवण्याच्या पद्धतीस मल्टिट्रॅक ध्वनिमुद्रण म्हणतात. अमेरिकी गिटारवादक लेस पॉल यांना अँपेक्स कंपनीने १९५७ साली आठ ट्रॅकचे यंत्र दिले, तेव्हा ही सोय एखाद्या मातब्बर कलावंतालाच परवडणारी होती; १९७९ मध्ये टीॲक कंपनीने साध्या कॅसेटवर चार ट्रॅक नोंदवणारे यंत्र काढले आणि २००० सालापासून ऑडॅसिटीसारखी प्रणाली कोणालाही विनामूल्य मिळू लागली. साधन स्वस्त झाले. मात्र त्याच्याबरोबर आलेली कामाची रीत धाराशिव जिल्ह्यातील संगीताला कितपत मानवते, याचा विचार क्वचितच होतो.

प्रचलित रीत अशी की, आधी कानात ठरावीक गतीचा ठोका, म्हणजे क्लिक, वाजत ठेवून ताल नोंदवायचा, मग त्यावर वाद्ये आणि शेवटी गायन. चित्रपटगीताला ती सोयीची आहे. तुळजापूरच्या भवानीच्या गोंधळाला ती मारक ठरते, कारण तेथे नायक आख्यान रंगवीत असताना संबळ त्याच्या शब्दांना उत्तर देतो, झील धरणारे साथीदार ओळीचा शेवट उचलून धरतात आणि लय प्रसंगानुसार चढत जाते. क्लिकवर बांधलेला संबळ बिनचूक वाजेल. गोंधळ मात्र उभा राहणार नाही. म्हणून या परिसरात आरंभ करणाऱ्याने ट्रॅक वेगळे ठेवावेत, पण वादन-गायन एकत्र आणि एका वेळी नोंदवावे, हेच अधिक योग्य होय.

त्यासाठी ऑडिओ इंटरफेस लागतो. मायक्रोफोनमधील क्षीण विद्युत्‌संदेश वाढवून त्याचे आकड्यांत रूपांतर करणारे हे उपकरण असून, त्याला माइक जोडण्याच्या जितक्या जागा, तितकेच आवाज एका वेळी वेगळे नोंदवता येतात. दोन जागांच्या उपकरणावर एक माइक नायकासमोर आणि दुसरा संबळासमोर ठेवता येतो, आणि तुणतुणे व झांज त्या दोघांतच उतरतात. चार जागा असतील तर त्यांनाही स्वतंत्र माइक मिळतो. सेकंदाला ४८,००० नमुने आणि प्रत्येक नमुना २४ बिटांचा, या प्रमाणात एका ट्रॅकला मिनिटास सुमारे ८.६ मेगाबाइट जागा लागते, म्हणजे चार ट्रॅकवरील अर्ध्या तासाच्या गोंधळास साधारण एक गिगाबाइट. संबळावरील काठीचा आघात अतिशय तीव्र असल्याने आवाजाची पातळी संथ आरंभावरून न ठरवता सर्वांत जोरकस ठेक्यावरून ठरवावी आणि शिखर शून्य डेसिबलच्या खाली दहा-बारा डेसिबल राहू द्यावे. शून्याच्या वर गेलेला आवाज फाटतो आणि तो नंतर धड दुरुस्त होत नाही.

खोलीकडे यंत्राइतकेच लक्ष द्यावे लागते. पत्र्याच्या छताखाली आणि उघड्या भिंतींमध्ये झांजेचा आवाज घुमत राहतो. त्यावर महागड्या फोमपेक्षा भिंतींवर टांगलेल्या जाड गोधड्या पुष्कळ अंशी कामास येतात. पंखा बंद असावा, आणि लॅपटॉप शक्यतो बॅटरीवर चालवावा, कारण सदोष अर्थिंगमुळे ५० हर्ट्झची आणि तिच्या पटींची गुणगुण ट्रॅकमध्ये शिरते. एकच आवाज दोन माइकना वेगवेगळ्या अंतरावरून पोहोचला, तर मीटरमागे सुमारे तीन मिलिसेकंदांचा फरक पडतो आणि मिश्रणात काही कंप्रता एकमेकींना खोडून आवाज पोकळ करतात. म्हणून दोन माइकमधील अंतर हे माइक आणि कलावंत यांच्यातील अंतराच्या निदान तिप्पट राखण्याचा प्रघात आहे. एकाच बाजूचा आवाज प्रामुख्याने घेणारे कार्डिऑइड माइक येथे उपयोगी पडतात, मात्र नायकासमोरील माइकची पाठ संबळाकडे हवी.

एवढी काळजी घेऊनही संबळ नायकाच्या माइकमध्ये काही प्रमाणात उतरतोच. त्यामुळे चुकलेली ओळ एकट्या गायकाकडून पुन्हा गाऊन घेऊन डकवता येत नाही. ते कडवे सर्वांना मिळून पुन्हा सादर करावे लागते आणि सांधा दोन कडव्यांमधील संबळाच्या ठेक्यावर, आघाताच्या किंचित आधी, घ्यावा लागतो. वेळ अधिक जातो, हे खरे. झील अधिक भरदार हवी असेल, तर ती मात्र नंतर हेडफोनवर मूळ मुद्रण ऐकत, नव्या ट्रॅकवर बेलाशक जोडावी.