मुक्या जनावरांचा डॉक्टर व्हायचंय?

आज बोलूया पशुवैद्यकाच्या शिक्षणाविषयी.

गाय रवंथ करेनाशी होते.
वैरणीला तोंड लावत नाही.
काय दुखतंय, हे तिला सांगता येत नाही.

पशुवैद्य तिच्या डाव्या कुशीत मूठ दाबून धरतो.
पोटाची हालचाल हाताला कळते.
मग तो घरच्यांना विचारतो,
चारा कोणता घातला? दूध कधी कमी झालं?

हे कसब शिकता येतं.

त्यासाठी बारावी विज्ञान शाखेतून करा.
जीवशास्त्र हवंच.
मग ‘नीट’ ही प्रवेश परीक्षा द्या.

मुलामुलींनो, पुन्हा सांगते.
बारावीला जीवशास्त्र, आणि त्यानंतर नीट.

नागपूरला महाराष्ट्र पशु व मत्स्य विज्ञान विद्यापीठ आहे.
मुंबई, नागपूर, परभणी, उदगीर, शिरवळ इथे त्याची पशुवैद्यकीय महाविद्यालयं आहेत.
मुंबईचं महाविद्यालय तर १८८६ सालचं.

शिक्षण साडेपाच वर्षांचं.
प्रत्यक्ष कामाचा अनुभव त्यातच येतो.
पदवीनंतर पशुवैद्यक परिषदेकडे नोंदणी करावी लागते.

पुढे वाटा पुष्कळ.
सरकारी दवाखान्यात पशुधन विकास अधिकारी होता येतं.
दूध संघ आहेत, कुक्कुटपालन आहे, प्राणिसंग्रहालयं आहेत.
स्वतःचा दवाखानाही काढता येतो.

काम कष्टाचं आहे.
अडलेल्या म्हशीसाठी मध्यरात्री गोठ्यात जावं लागतं.
पण म्हैस सुखरूप व्याली, की एका घराचा संसार सावरतो.

पालकहो, मुलीही हे काम उत्तम करतात.
त्यांना अडवू नका.

आणि मुलांनो, आधी जवळच्या पशुवैद्यकीय दवाखान्यात जा.
डॉक्टरांची परवानगी घ्या.
एक सकाळ त्यांचं काम बघा.
मन रमलं, तर लक्षात ठेवा,
बारावीला जीवशास्त्र, आणि त्यानंतर नीट.