कानाचे वेळापत्रक
(मंडळाच्या वर्धापनदिनी केलेले भाषण)



‘काहीतरी शास्त्रीय, पण सोपे सांगा,’ अशी चिटणीसबाईंची आज्ञा झाली. मी जन्मभर शाळेत जीवशास्त्र शिकवले; तेव्हा बेडकापासून सुरुवात केली तर आपण क्षमा कराल.

गळ्याशी थायरॉईड ग्रंथी असते हे आपणांस ठाऊक आहेच. आपल्यातल्या कितीतरी जणी तिच्यापायी रोज सकाळी उपाशीपोटी गोळी घेतात. पण तिचे नाव निघाले की वजन आणि थकवा, ह्यापलीकडे आपण जात नाही. गुडरनाच नावाच्या शास्त्रज्ञाने १९१२ साली बेडकाच्या पिलांना ही ग्रंथी खाऊ घातल्याचे प्रयोग प्रसिद्ध केले. पिले मोठी झालीच नाहीत. पण भराभर शेपूट गेले, पाय फुटले आणि इवलेसे बेडूक तयार झाले! म्हणजे ह्या ग्रंथीचा रस ‘आता पुढच्या इयत्तेत चल’ असे शरीराला सांगतो. ही आज्ञा आपल्या कानालाही लागते.

१९६७ साली सॅम्युएल रेफेटॉफ आणि त्यांचे सहकारी ह्यांनी एका कुटुंबातील भावंडांची हकीकत प्रसिद्ध केली. मुले बहिरी, गळ्याशी गलगंड, आणि रक्तात मात्र संप्रेरक भरपूर. निरोप दारापर्यंत येत होता, पण तो घेणारे कोणी नव्हते. पेशीत हा निरोप घेणारा जो ग्राहक असतो, तोच नसलेले उंदीर घेऊन डग्लस फॉरेस्ट ह्या शास्त्रज्ञाने काम केले. ते उंदीर बहिरे निघाले, हे १९९६ साली प्रसिद्ध झाले.

फॉरेस्ट आणि त्यांच्या सहकारी लिली एंग ह्यांचे पुढचे काम मला फार आवडते. उंदराचे पिलू जन्मतः बहिरेच असते. सुमारे दोन आठवड्यांनी त्याला ऐकू येऊ लागते. ग्रंथीचा रस बहुतांशी कच्च्या रूपात येतो, त्यात आयोडीनचे चार अणू असतात. त्यांतला एक काढला की तो कामाचा होतो. हे काढण्याचे काम करणारे एन्झाइम कानाच्या शंखात, ऐकू येण्याच्या थोडे आधी, अगदी जोरात असते आणि मग ओसरते. ते नसलेल्या पिलांच्या रक्तात कामाचा रस जवळजवळ पुरेसा असूनही कान कच्चाच राहिला. उलट, आलेला रस निकामी करून कानाला थोपवून धरणारे दुसरे एन्झाइम काढून टाकले, तेव्हा कान वेळेआधी पिकला. तरीही पिलू बहिरेच! उशीर वाईट, तशी घाईही वाईट. भाकरी उलटण्याची वेळ ज्यांना साधते, त्यांना हे अधिक फोड करून सांगायला नको.

डोळ्याचेही असेच आहे. ह्या ग्राहकाचा एक प्रकार नसला, तर उंदराच्या डोळ्यात हिरवा प्रकाश टिपणाऱ्या पेशी तयारच होत नाहीत.

आता माणसाचे. आपल्या बाळाचा कान आईच्या पोटातच तयार होतो, आणि सुरुवातीच्या महिन्यांत बाळाची स्वतःची ग्रंथी कामाला लागलेली नसते; तोवर सारा रस आईचा. म्हणून गरोदर स्त्रीला रोज सुमारे २५० मायक्रोग्रॅम आयोडीन लागते, एरवी १५० पुरते. हे आयोडीन मिळावे म्हणून आयोडीनयुक्त मीठच आणावे आणि बरणीचे झाकण घट्ट लावावे. ज्यांना आधीपासून गोळी चालू आहे, त्यांनी दिवस राहिल्याचे कळताच डॉक्टरांना सांगावे; मात्रा बहुधा वाढवावी लागते. गोळी आपल्या मनाने बंद तर करूच नये.

आणि जन्मानंतरचे. काही बाळांची ग्रंथी जन्मतःच नीट चालत नाही. आईचा रस अंगात असल्यामुळे बाळ दिसायला चांगले असते. ते फार झोपते, कमी रडते. आजी कौतुकाने म्हणते, ‘किती गुणी आहे हो!’ त्या कौतुकात आठवडे निघून जातात, आणि गेलेले आठवडे मेंदूला परत मिळत नाहीत. टाचेतून रक्ताचे दोन-चार थेंब घेतले की हे कळते. जन्मानंतर दोन-तीन दिवसांनी ही तपासणी करतात. आपल्याकडे ती सगळीकडे आपोआप होत नाही. सून वा लेक घरी यायच्या आत प्रसूतिगृहात विचारा, ‘टाचेची तपासणी झाली का?’ दोष सापडलाच तर पहिल्या दोन आठवड्यांत उपचार सुरू व्हावे लागतात. उपचार म्हणजे काय, तर एक लहानशी गोळी, चमच्यात आईच्या थोड्या दुधात कुसकरून, रोज.