मोर्चा पांगल्यानंतर



सभेच्या अध्यक्षाने चार गौरवाचे शब्द बोलून खाली बसावे, असा प्रघात आहे. परंतु दलित पँथरच्या स्मृतीला नुसती फुले वाहण्यात तिची उपेक्षाच होते, अशी माझी दृढ धारणा असल्यामुळे तो प्रघात मी आज मोडणार आहे.

1972 साली मुंबईत ही संघटना जन्मली, तेव्हा रिपब्लिकन पक्षाची शकले झाली होती आणि बावडा गावी दलितांवर घातलेला बहिष्कार ताजा होता. त्या वेळी नामदेव ढसाळ, ज. वि. पवार, राजा ढाले प्रभृती तरुणांनी दाखविलेले धैर्य वंदनीयच होय. त्याच वर्षी 'साधना' साप्ताहिकातील ढाल्यांच्या लेखात राष्ट्रध्वजाचा अवमान तेवढा ज्यांना दिसला आणि विटंबिली गेलेली दलित स्त्री दिसली नाही, त्यांच्या पंक्तीला मी बसणार नाही. माझा आक्षेप घरातला आहे, आणि म्हणूनच तो अधिक कठोर आहे: पँथरने शब्द पेटविले, पण दप्तर बांधले नाही.

बहिष्कृत वस्तीत काय घडते, ते आठवा. दुकानदार मीठमिरची देत नाही, गिरणीवाला दळण परत करतो, शेतावरची मजुरी बंद होते. मुंबईहून तरुण येतात, सभा गाजते, आणि संध्याकाळच्या एस.टी.ने ते परततात. दुसऱ्या दिवशी फौजदारासमोर फिर्याद कोणी लिहवून घ्यायची, पंचनाम्यावरचे पंच कोणाच्या दावणीचे आहेत हे कोणी पाहायचे, साक्षीदार फुटू नये म्हणून तारखेतारखेला त्याच्या पाठीशी कोणी उभे राहायचे? या कामांना टाळ्या नसतात. परंतु खटले याच कामांवर उभे राहतात किंवा कोसळतात.

बाबासाहेब आंबेडकरांचा वारसा सांगणाऱ्यांनी डिसेंबर 1927 चे महाड विसरावे, याचे मला दुःख होते. चवदार तळ्यावर जाण्यास हजारो माणसे सज्ज असता, न्यायालयाचा मनाई हुकूम असल्यामुळे बाबासाहेबांनी सत्याग्रह तहकूब केला, अनुयायांची नाराजी पत्करली, आणि तोच दावा नेटाने लढवून 1937 मध्ये मुंबई उच्च न्यायालयात जिंकला. नऊ वर्षांहून अधिक काळ! कागदपत्रे जपणारी ही चिकाटी भित्रेपणाची होती, असे म्हणण्याची कोणाची प्राज्ञा आहे?

उलट इकडे पँथरच्या काळात, 1974 च्या जानेवारीत, मुंबईतील वरळी दंगलीने पेटली, भागवत जाधवांनी मोर्चात प्राण दिले, आणि त्याच वर्षी पँथरच्या जाहीरनाम्यावरून, बुद्ध की मार्क्स या वादावरून, नेते परस्परांस उघडपणे बहिष्कृत करू लागले. मतभेद अपरिहार्य होते. ते निकालात काढणारी, सर्वांना बंधनकारक अशी घटना मात्र नव्हती. जिच्या विटंबनेवर चळवळ पेटली, त्या स्त्रीला नेतृत्वात स्थान नव्हते, हेही येथे स्पष्टपणे सांगितले पाहिजे. पाच वर्षे पुरी होण्याच्या आतच, मार्च 1977 मध्ये, ढाले-पवारांनी संघटना बरखास्त केली. सत्तेने फूट पाडली, असे म्हणतात. पण फट आपण ठेवली होती.

येथे बसलेल्या तरुण लेखकांनो, तुमच्या कवितेचा मला अभिमान आहे. परंतु तुमच्या तालुक्यात अत्याचाराची जी प्रकरणे प्रलंबित असतील, त्यांची नोंदवही या महिन्यात उघडा, फिर्यादी बायाबापड्यांची कैफियत स्वच्छ मराठीत लिहून द्या, आणि पुढच्या तारखेला त्यांच्याबरोबर कचेरीत हजर राहा.