दमा असलेले मूल आणि त्याची शाळा
(सिरोंचा येथील वार्षिक सभेत बालरोग विभागाच्या वतीने केलेले भाषण)



बालदमा हा मोठ्या शहरांचा रोग आहे, असा समज अजूनही आढळतो. सिरोंचा तालुका प्राणहिता व गोदावरी यांच्या काठी वसलेला वनप्रदेश आहे. तरीही धाप लागलेली मुले आपल्याकडे येतातच. चुलीचा धूर, उन्हाळ्यातील वणवे, पावसाळ्यात ओल धरलेल्या भिंती आणि शाळा उघडल्यावर एकाकडून दुसऱ्याला होणारी सर्दी ही दम्याला पुरेशी निमित्ते आहेत. मिरची तोडणीसाठी तेलंगणात जाणाऱ्या मजुरांबरोबर लहान मुलेही जातात व तेथील तिखट धूळ त्यांच्या छातीत जाते.

मराठी घरांत ज्याला दमा म्हणतात, त्यालाच तेलुगू घरांत उब्बसम म्हणतात. या रोगात श्वासनलिकांच्या अस्तराला सूज असते आणि मूल खेळत-बागडत असते त्या दिवशीही ती राहू शकते. म्हणूनच पंप दोन प्रकारचे असतात. साल्ब्युटामॉलचा पंप आकसलेल्या नलिका काही मिनिटांत मोकळ्या करतो. ब्युडेसोनाइड किंवा बेक्लोमेथासोनचा पंप सूज उतरवितो. तो रोज घ्यावा लागतो आणि त्याचा पूर्ण गुण दिसण्यास काही आठवडे लागतात. पहिल्याचा गुण डोळ्यांना दिसतो, म्हणून तो घरात राहतो. दुसरा महिनाभरात बंद पडतो. नेमके येथेच मूल पुन्हा आजारी पडते. केवळ साल्ब्युटामॉलवर विसंबून राहणे सुरक्षित नाही, हे जागतिक मार्गदर्शक तत्त्वांनी २०१९ पासून स्पष्ट केले आहे.

पंपाची सवय लागते, ही पालकांची भीती आम्ही समजू शकतो. पण ती निराधार आहे. साल्ब्युटामॉलच्या एका गोळीत २ किंवा ४ मिलिग्रॅम औषध असते, तर पंपाच्या एका फवाऱ्यात केवळ १०० मायक्रोग्रॅम, म्हणजे २ मिलिग्रॅमच्या गोळीच्या विसाव्या भागाइतके. औषध थेट छातीत पोहोचत असल्याने एवढ्या अल्प मात्रेत काम होते. मृग नक्षत्रावर हैदराबाद येथे दम्यासाठी जिवंत माशातून औषध दिले जाते. त्यावर श्रद्धा असलेल्यांचा आम्हांस अनादर करावयाचा नाही. मात्र त्याने दमा बरा होतो असा शास्त्रीय पुरावा नाही. त्याच्या भरवशावर मुलाचा रोजचा पंप कृपया थांबवू नये.

आता शाळेविषयी. या भागातील अनेक मुले आश्रमशाळांच्या वसतिगृहांत राहतात. २०१३ साली सुरू झालेल्या राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमात शाळकरी मुलांची तपासणी होते व दम्यासारख्या श्वसनविकारांचाही तीत समावेश आहे. म्हणजे रोग ओळखण्याची सोय आहे. प्रश्न त्यानंतरचा आहे. मध्यरात्री मुलाला धाप लागली, तर पंप कोठे आहे? तो कपाटात असेल, तर किल्ली कोणापाशी आहे? जिल्ह्याचे ठिकाण येथून सुमारे दोनशे किलोमीटर दूर असताना या प्रश्नांची उत्तरे आधीच ठरलेली असावीत.

शिक्षकांना हे जमेल काय, अशी शंका कोणी घेईल. आपल्याच जिल्ह्यात डॉ. अभय व डॉ. राणी बंग यांनी गावातील माणसांना न्यूमोनिया ओळखून औषध देण्यास शिकविले आणि त्यामुळे बालमृत्यू घटले. ते संशोधन १९९० साली ‘लॅन्सेट’मध्ये प्रसिद्ध झाले. दम्यासाठी गुरुजींनी शिकावयाचे त्याहूनही थोडे आहे. मुलाला सरळ बसवावे. स्पेसरमधून एकामागून एक चार फवारे द्यावेत व प्रत्येक फवाऱ्यानंतर चार श्वास घेऊ द्यावेत. चार मिनिटे थांबून आराम नसल्यास पुन्हा द्यावेत. तरीही धाप न थांबल्यास वाहन बोलवावे आणि रुग्णालयात पोहोचेपर्यंत हाच क्रम चालू ठेवावा. मूल बोलू शकत नसेल किंवा ओठ निळे पडले असतील, तर वाहन प्रथमच बोलवावे.

स्पेसर महाग असण्याचे कारण नाही. पाचशे मिलिलिटरच्या प्लास्टिक बाटलीच्या तळाला पंपाच्या तोंडाएवढे छिद्र पाडून ते घट्ट बसविल्यास काम भागते. केपटाउन येथील मुलांवरील अभ्यासात अशी बाटली विकतच्या स्पेसरइतकीच उपयुक्त ठरली; तो अभ्यास १९९९ साली प्रसिद्ध झाला.

खर्च आहे तो रोजच्या पंपाचा, आणि तो वर्षभर आहे. रोजंदारीवर जगणाऱ्या घरात, मूल बरे दिसत असताना औषध विकत घेणे ही चैन वाटते. देणगीदारांना आमची विनंती आहे की, आपले दान तपासणी शिबिराच्या एका दिवसापुरते न ठेवता एका मुलाच्या बारा महिन्यांच्या औषधासाठी द्यावे. पालकांनी मूल बरे वाटत असतानाही तपासणीस आणावे. विश्वस्त मंडळाने प्रत्येक वसतिगृहात एक पंप, एक स्पेसर व एक प्रशिक्षित व्यक्ती असावी, यासाठी अहेरी येथील आदिवासी विकास प्रकल्प कार्यालयाशी पत्रव्यवहार करावा, ही नम्र सूचना.

रात्री शांत झोपलेले मूल सकाळी वर्गात बसते. हा लाभ ताळेबंदात दिसत नाही. तो शाळेच्या हजेरीपटावर दिसतो.