तात्यांची जुनी गाडी
(प्रौढ साक्षरता वर्गात केलेले भाषण)



आज मी मोटारगाडीविषयी बोलणार आहे. हसू नका. मास्तराला गाडीतले काय कळते, असे तुम्ही म्हणाल. खरे आहे, मला गाडी चालवता येत नाही. पण गाडीचे कागद वाचता येतात. आजचा विषय बराचसा कागदांचाच आहे.

बैल विकत घेताना आपण काय करतो? दात पाहतो. खूर पाहतो. खांदा चाचपतो. औताला जुंपून चार तास घेतो. मालक का विकतो आहे, तेही आडून विचारतो. आणि मोटार घेताना? रंग पाहतो. गादी दाबून पाहतो. गाणी वाजतात का ते पाहतो. झाले!

आमच्या ओळखीचे एक शेतकरी आहेत. त्यांना आपण तात्या म्हणू. त्यांच्याकडे पांढरी मारुती आठशे होती. २००८ साली घेतलेली. छोटी गाडी, तीन सिलिंडरचे पेट्रोल इंजिन. ही गाडी आपल्या देशात १९८३ सालापासून २०१४ सालापर्यंत तयार होत होती. त्यामुळे तिचे काम येणारा मिस्त्री अजूनही कुठल्याही तिठ्यावर भेटतो. सुटे भाग स्वस्त मिळतात. तात्यांची गाडी पंधरा वर्षांत दोनदाच वाटेत थांबली. एकदा बॅटरी उतरली होती, आणि एकदा पेट्रोल संपले होते. दुसऱ्या वेळी गाडीचा काय दोष?

तात्यांच्या आईला मूत्रपिंडाचा आजार आहे. आठवड्यातून दोनदा तिला तालुक्याला न्यावे लागते. तिथे यंत्राने रक्त शुद्ध करतात. त्याला डायलिसिस म्हणतात. गावापासून दवाखाना चौदा किलोमीटर. ती पांढरी गाडी म्हातारीला न चुकता नेत होती आणि आणत होती.

मग विकली कशाला? दोन कारणे झाली. एक म्हणजे मुलीची सोयरीक. पाहुणे येणार, आणि दारात हे डबडे, असे घरात बोलणे सुरू झाले. दुसरे कारण जास्त वाईट. कोणीतरी तात्यांना सांगितले, "पंधरा वर्षं झाली की गाडी भंगारात. सरकार उचलून नेतं." तात्यांनी ते खरे मानले. २०२३ साली, मुदत भरायला दोन महिने असताना, त्यांनी गाडी शेजारच्या गावच्या एका गुरुजींना तीस हजारांना देऊन टाकली.

आता नियम काय आहे तो ऐका. खाजगी गाडीची नोंदणी पहिली पंधरा वर्षे चालते. पुढे आर.टी.ओ. कचेरीत गाडी दाखवायची. गाडी तपासणीत ठीक ठरली, की नोंदणी आणखी पाच वर्षे वाढवून मिळते. मोटारीसाठी ही फी २०२२ च्या एप्रिलपासून पाच हजार रुपये झाली. शिवाय पर्यावरण कर भरावा लागतो. पंधरा वर्षांची पेट्रोल गाडी बंद, हे बोलणे दिल्लीकडचे. तिकडे हवा फार बिघडली म्हणून तसे आदेश निघाले होते. ते आपल्या गावाला लागू नाहीत. गुरुजींना हे ठाऊक होते. त्यांनी फी भरली, कर भरला, आणि पाच वर्षांची निश्चिंती करून घेतली.

इकडे तात्यांनी पतसंस्थेचे कर्ज काढले आणि मोठी डिझेल गाडी घेतली. वापरलेलीच, पण चकचकीत. कंपनीचे नाव मी सांगत नाही. दोष कंपनीचा, असेही म्हणता येत नाही. कसे ते सांगतो.

२०२० च्या एप्रिलपासून आपल्या देशात नव्या गाड्यांना धुराचे कडक नियम लागले. तेव्हापासून डिझेल मोटारींच्या धुराच्या नळीत एक जाळी असते. मधाच्या पोळ्यासारखी. तिला डी.पी.एफ. म्हणतात. धुरातली काजळी ती अडवते. चांगली गोष्ट आहे. पण अडलेली काजळी जाळावी लागते. त्यासाठी नळी चांगली तापली पाहिजे. म्हणजे गाडी मोकळ्या रस्त्यावर बराच वेळ वेगात चालली पाहिजे. आणि तात्यांची गाडी कुठे चालणार? खड्ड्यांतून, दुसऱ्या गिअरमध्ये, दूध संस्थेपर्यंत आणि परत. काजळी साठतच गेली. समोर पिवळा दिवा लागायचा. तात्यांना वाटले, डिझेल कमी असेल.

श्रावणातल्या एका सकाळी म्हातारीला घेऊन निघाले. ओढ्याच्या चढाला गाडीचा जोरच गेला. इंजिन चालू, पण गाडी ओढेना. असे झाले की इंजिनचा संगणक आपणहून ताकद कमी करतो. इंजिन बिघडू नये म्हणून ती सोय आहे. पण आत बसलेल्या आजारी माणसाचे काय? डायलिसिस चुकले की अंगात पाणी साठते, दम लागतो, रक्तातले क्षार वाढून हृदयावर ताण येतो. म्हातारी पाऊण तास रस्त्यावर बसून होती. शेवटी दुधाच्या टेम्पोतून नेली. वाचली.

तिठ्यावरच्या मिस्त्रीने हात जोडले. "हे माझं काम नव्हे, संगणक लावावा लागतो," म्हणाला. गाडी जिल्ह्याच्या गावी गेली. खर्चाचा आकडा तात्या कोणाला सांगत नाहीत. कर्जाचा हप्ता मात्र चालूच आहे.

तात्या गुरुजींकडेही जाऊन आले. "दुप्पट घ्या, पण माझी गाडी मला परत द्या," म्हणाले. गुरुजींनी चहा दिला, पण गाडी दिली नाही. आता रोज दहाच्या सुमारास ती पांढरी गाडी तात्यांच्या शेताच्या बांधावरून जाते. तात्या तेवढा वेळ औत थांबवतात, असे त्यांची बायको सांगते.

एक काम तात्यांनी चोख केले होते. विकताना फॉर्म २९ आणि फॉर्म ३० भरून गाडी गुरुजींच्या नावावर करून दिली. पुष्कळ जण नुसते पैसे घेतात आणि किल्ली देतात. तसे करू नका. विकणाऱ्याने चौदा दिवसांत कळवायचे असते. २०१८ साली सर्वोच्च न्यायालयाने सांगितले आहे, की नोंदणीत ज्याचे नाव, तोच कायद्याने मालक. पुढे अपघात झाला तर भरपाईला त्यालाच उभे करतात.

वापरलेली गाडी घ्यायचीच असेल, तर सकाळी जा. इंजिन थंड असताना सुरू करायला सांगा. निळा धूर निघाला तर ऑइल जळते आहे. ऑइलचे झाकण उघडा. आत ताकासारखा पांढरा साका दिसला तर पाणी मिसळले आहे. पायाखालचा गालिचा उचला. खाली सुका गाळ असेल तर गाडी पुरात बुडालेली असू शकते. चासी नंबर आर.सी.वरच्या नंबराशी एकेक अक्षर ताडून पाहा. आर.सी.वर बँकेचा बोजा लिहिला असेल तर फॉर्म ३५ आणि बँकेचा दाखला मागा. आणि आपल्या वाटेवर ही गाडी रोज किती चालणार, ते आधी मिस्त्रीला सांगून विचारा.

येत्या सोमवारी आपण वर्गात आर.सी. वाचणार आहोत. ज्यांच्या घरी गाडी, मोटारसायकल किंवा ट्रॅक्टर आहे, त्यांनी कागद घेऊन यावे. नोंदणीची मुदत कुठे छापलेली असते, ते प्रत्येकाने आपल्या बोटाने दाखवायचे. तात्याही येणार आहेत.