जळण कुठं जातंय?

वारणानगर परिसरातल्या बचत गटांच्या समन्वयाचं काम मी करते. आज तुमच्याशी विटेबद्दल बोलायचं आहे. घराच्या विटेबद्दल नव्हे, भट्टीच्या.

आमच्याकडचा एक गट भडंग आणि चिवडा करून विकतो. गॅस परवडेना म्हणून त्यांनी पेलेटची भट्टी घेतली. पेलेट म्हणजे उसाचं बगॅस, लाकडाचा भुसा दाबून केलेल्या बारीक कांड्या. छोटा पंखा वारा घालतो, त्यामुळं जाळ जोरात लागतो आणि धूर कमी होतो. पहिलं वर्ष चांगलं गेलं. गेल्या दिवाळीआधी मात्र हिशेब बिघडला. जो माल एका पोत्यात निघायचा, त्याला दीड पोतं लागू लागलं.

कोठीची किल्ली एका आक्कांकडं होती. बैठकीत उघड कुणी बोललं नाही, पण "जळण कुठं जातंय?" असं विचारताना सगळ्यांच्या नजरा त्यांच्याकडंच वळल्या. आक्कांनी किल्ली सतरंजीवर ठेवली आणि उठून गेल्या. मी तिथंच होते आणि मीही गप्प बसले. हे सांगताना आजही जड जातं.

आठवड्यानं एका सदस्येचे सासरे भट्टी बघायला आले. त्यांचं आयुष्य गुऱ्हाळावर चुलवाणाला जाळ घालण्यात गेलं. त्यांनी पोती मोजली नाहीत. गार भट्टीत बॅटरी मारली आणि म्हणाले, "पोरींनो, जळण कोण नेत नाही. पत्रा खातोय."

आतल्या दोन विटा खचल्या होत्या, एकीचा तर तुकडाच पडला होता. मागचा पत्रा उघडा दिसत होता. बाहेरून त्याच जागी रंग जळून काळा झाला होता. तो डाग आम्ही रोज बघत होतो.

भट्टीची वीट खास मातीची असते. हजार अंशांच्या वरची धग ती सोसते. ती दोन कामं करते : उष्णता आत धरून ठेवते आणि पत्रा वाचवते. वीट गेली की धग पत्र्यातून बाहेर जाते, कढई तापायला वेळ लागतो आणि आपण आणखी जळण घालतो. पुढं पत्रा वाकतो, जवळ उभ्या बाईला चटका बसतो.

म्हणून महिन्यातून एकदा विटा बघा. भट्टी रात्रभर गार होऊ द्या, पंख्याची वायर काढा, तोंडाला रुमाल बांधा. राख झाकणाच्या लोखंडी बादलीत काढा, कारण आत निखारा असू शकतो. राखेचे खंगर विटेला चिकटले असतील तर लाकडी पट्टीनं हळू सोडवा, छिन्नी मारू नका. तापलेल्या विटेवर पाणी तर कधीच टाकू नका, ती तडकते.

केसासारखी बारीक भेग असेल तर घाबरू नका, वीट चालते. पण भेग आरपार गेली, तुकडा पडला, बोट लावताच भुगा निघाला किंवा वीट झिजून पातळ झाली, तर बदला.

बदलताना जुन्या विटेची लांबी, रुंदी, जाडी मोजून न्या. दुकानात "फायर ब्रिक" म्हणून मागा. साधी लाल वीट स्वस्त पडते, पण ती या धगीला टिकत नाही. सांध्याला सिमेंट नको, तेही फुटतं. फायर क्लेचा पातळ थर द्या. बिनसांध्याची भट्टी असेल तर विटा ठोकून घट्ट बसवू नका, तापल्यावर वीट किंचित फुगते, तेवढी जागा राहू द्या. विटा कापायच्या असतील तर ओल्या करून, मोकळ्या हवेत कापा. ती धूळ छातीत जाऊ देऊ नका. सांधे भरले असतील तर एक दिवस वाळू द्या. मग दोन-तीन दिवस थोडा थोडा जाळ घाला. पहिल्याच दिवशी मोठी कढई चढवू नका.

विटा बदलल्यावर आमचं काम पुन्हा एका पोत्यावर आलं. त्या संध्याकाळी आम्ही सगळ्या आक्कांच्या दारात गेलो. मी माफी मागितली. त्यांनी चहा केला, पण किल्ली लगेच घेतली नाही. म्हणाल्या, "आधी जळणाची वही घाला. किती पोती आली, किती लागली, रोज लिहायचं आणि बैठकीत मोठ्यानं वाचायचं. मग घेते किल्ली."

आता ती वही आहे. विटांसाठी दरमहा थोडे पैसेही बाजूला टाकतो. जळण वाढलं की आम्ही आधी वही उघडतो, मग भट्टीत बॅटरी मारतो. माणसाकडं बघायची वेळ अजून आलेली नाही.

तुमच्या गटात भट्टी असेल तर उद्या सकाळी, ती गार असताना, एकदा आत बघा.