हिरवळीवरचे शर्यतवीर : सर स्टर्लिंग मॉस

क्रीडाक्षेत्रांतील एखादा थोर पुरुष दिवंगत झाला म्हणजे त्याच्या विजयांची यादी प्रथम पुढें येते, आणि तें योग्यच आहे. परंतु त्या यादीच्या अगदीं शेवटीं, जवळजवळ समासांत लिहिल्यासारखी, कधीं कधीं एखादी अशी नोंद असते कीं, तिच्यावरून त्या पुरुषाचा स्वभाव इतर साऱ्या नोंदींपेक्षां अधिक स्पष्ट दिसतो. सर स्टर्लिंग मॉस हे १२ एप्रिल २०२० रोजीं लंडनमधील आपल्या राहत्या घरीं निवर्तले. त्यांचें वय तेव्हां नव्वद वर्षांचें होतें. मोटारींच्या शर्यतींत त्यांनीं मिळविलेल्या कीर्तीची उजळणी जगभर झाली. इंग्लंडच्या ससेक्स परगण्यांत मात्र हौशी लोकांची एक लहानशी मंडळी आहे. बागेंतील हिरवळ कापण्याच्या यंत्रांवर बसून शर्यती लावणें हा तिचा उद्योग. या मंडळीच्या विजेत्यांतहि मॉस यांचें नांव आहे, आणि मंडळी तें अभिमानानें सांगते. त्यांचें हें दुसरें रूप ध्यानांत यावें यासाठीं आधीं त्यांच्या पहिल्या रूपाची थोडी ओळख हवी.

मॉस यांचा जन्म १७ सप्टेंबर १९२९ रोजीं लंडन येथें झाला. आपल्या कारकीर्दींत ते ५२९ शर्यतींत उतरले आणि त्यांपैकीं २१२ त्यांनीं जिंकल्या. १९५५ च्या मे महिन्यांत इटलींतील ‘मिली मिलिया’ ही सुमारें हजार मैलांची शर्यत त्यांनीं १० तास ७ मिनिटें ४८ सेकंदांत पुरी केली. ही शर्यत बंदिस्त मैदानांत नव्हे, तर गांवांतून आणि घाटांतून जाणाऱ्या सामान्य रस्त्यांवरून होत असे. शेजारीं बसलेले डेनिस जेंकिन्सन हे कागदाच्या लांब गुंडाळीवर आधींच टिपून ठेवलेलीं वळणें वाचीत आणि हातांच्या खुणांनीं तीं मॉस यांना कळवीत. त्याच वर्षीं एंट्री येथील ब्रिटिश ग्रां प्री त्यांनीं जिंकली. १९५७ सालीं टोनी ब्रुक्स यांच्या साथीनें त्यांनीं ती पुन्हां जिंकली. इतकें असूनहि जगज्जेतेपद त्यांना कधींच लाभलें नाहीं. १९५५ पासून १९५८ पर्यंत ओळीनें चार वर्षें ते दुसरे आले.

त्यांतील १९५८ ची हकीकत विसरण्याजोगी नाहीं. पोर्तुगालमधील पोर्तो येथील शर्यतींत त्यांचे प्रतिस्पर्धी माइक हॉथॉर्न यांची मोटार गिरकी घेऊन थांबली. ती पुन्हां सुरू करतांना हॉथॉर्न यांनीं ती उलट दिशेनें हांकली, असा आक्षेप पंचांपुढें आला, आणि त्यांना बाद ठरविण्याची वेळ आली. त्या वेळीं मॉस आपण होऊन पंचांपुढें गेले, आणि मोटार शर्यतीच्या रस्त्यावर नसून कडेच्या पदपथावर होती, तेव्हां नियमभंग झालेला नाहीं, अशी साक्ष त्यांनीं दिली. हॉथॉर्न यांचे गुण वांचले. वर्षाअखेर हिशेब झाला तेव्हां हॉथॉर्न यांचे ४२ गुण भरले आणि मॉस यांचे ४१. एका गुणानें जगज्जेतेपद गेलें, आणि तें मॉस यांच्याच साक्षीमुळें गेलें.

येथें एक गोष्ट लक्षांत ठेवावयास हवी. मॉस हे हौशी धनिकांपैकीं नव्हते. मोटार हांकणें हाच ज्यांनीं पोटाचा धंदा केला अशा पहिल्या पिढींतील ते होते. शर्यतीला येण्याची बिदागी ते रीतसर ठरवून घेत, आणि वर्षांतून जितक्या शर्यतींत भाग घेतां येईल तितक्यांत घेत. पैशाची किंमत त्यांना पुरती ठाऊक होती. पण खरें कीं खोटें असा प्रश्न आला तेव्हां त्यांनीं ती किंमत पाहिली नाहीं.

पुढें २३ एप्रिल १९६२ रोजीं, ईस्टरच्या सोमवारीं, ससेक्समधील गुडवुड येथें त्यांची लोटस मोटार रस्ता सोडून मातीच्या बांधावर आदळली. मोडलेल्या सांगाड्यांतून त्यांना बाहेर काढण्यासाठीं पत्रा कापावा लागला. सुमारें महिनाभर ते बेशुद्ध होते, आणि त्यानंतरहि सहा महिने शरीराची डावी बाजू लुळी होती. १९६३ च्या मे महिन्यांत त्याच गुडवुडवर त्यांनीं स्वतःची परीक्षा घेतली. वेग फारसा कमी झाला नव्हता, परंतु पूर्वीं जें हात आणि डोळे आपोआप करीत तें आतां मनाला सांगून करवून घ्यावें लागत होतें. तेवढें जाणवतांच त्यांनीं निवृत्ति पत्करली. वय अवघें तेहतीस वर्षांचें. हा निर्णय आपण घाईनें घेतला असें त्यांना पुढें वाटत असे.

या घटनेस अकरा वर्षें झालीं, तेव्हां, १९७३ सालीं, गुडवुडपासून पंधरा-वीस मैलांवरच्या विस्बरो ग्रीन या खेड्यांत कांहीं मित्र ‘क्रिकेटर्स आर्म्स’ नांवाच्या पानगृहांत गप्पा मारीत बसले होते. त्यांत जिम गॅव्हिन हे आयरिश गृहस्थ होते. लांब पल्ल्याच्या मोटार-रॅलींचा त्यांना दांडगा अनुभव होता. मोटारींच्या शर्यती आतां व्यापाऱ्यांच्या हातीं गेल्या आणि साधारण मनुष्याच्या खिशाला त्या झेपत नाहींत, अशी त्यांची तक्रार चालली होती. समोरच्या हिरवळीवर क्रिकेटच्या मैदानाचें गवत यंत्रानें कापलें जात होतें. तें पाहून त्यांच्या ध्यानांत आलें कीं, असें यंत्र तर इंग्लंडांत घरोघरीं अडगळीच्या खोलींत पडलेलें असतें. मग मर्फी नांवाच्या शेतकऱ्याच्या शेतांत शर्यत ठरली. दहा-पांच माणसें येतील अशी अपेक्षा, पण सुमारें ऐंशी यंत्रें हजर झालीं. ‘ब्रिटिश लॉन मोअर रेसिंग असोसिएशन’ ही संस्था अशी जन्मास आली.

हीं यंत्रें म्हणजे मूळची मोठी शांत वस्तु. १८३० सालीं ग्लॉस्टरशर परगण्यांतील स्ट्राउड येथें एडविन बडिंग या कारागिरानें गवत कापण्याचें पहिलें यंत्र तयार केलें. लोकरीच्या कापडावरील लव कातरणाऱ्या गिरणींतील यंत्रावरून त्याला ती कल्पना सुचली. ज्या वस्तूचें काम बागेला शोभा आणणें, तिच्यावर बसून धुराळा उडवावयाचा, यांत विनोद आहेच, आणि गॅव्हिन व त्यांचे मित्र यांना तो पुरेपूर कळत होता. मात्र नियमांच्या बाबतींत त्यांनीं विनोद केला नाहीं. यंत्र घरगुती हिरवळ कापण्यासाठींच बनविलेलें आणि विकलेलें असावें. पातीं काढून टाकावींत. इंजिनांत फेरफार करूं नयेत. स्वार खालीं पडल्यास इंजिन आपोआप बंद व्हावें. जाहिरातदार नको, रोख बक्षीस नको, आणि जी शिल्लक उरेल ती धर्मादाय कार्यास द्यावी. यंत्रांचे वर्गहि ठरले. एका वर्गांत स्वार यंत्रामागें धांवतो, दुसऱ्यांत यंत्रामागें जोडलेल्या बैठकीवर बसतो, आणि बाकीच्यांत यंत्रावर स्वार होऊन तें चालवितो.

अशा शर्यतींत मॉस उतरले. संस्थेनें थट्टेनें आपल्या एका शर्यतीचें नांव ‘ब्रिटिश ग्रां प्री’ असें ठेवलें होतें. ती मॉस यांनीं जिंकली. खरी ब्रिटिश ग्रां प्री आणि गवत कापण्याच्या यंत्रांची ब्रिटिश ग्रां प्री, या दोन्ही त्यांच्या नांवावर आहेत. १९७८ पासून संस्थेनें बारा तासांची शर्यत सुरू केली. एकेका संघांत तीन स्वार असतात, आणि आळीपाळीनें रात्रभर, दिव्यांच्या उजेडांत, शेतांत आंखलेल्या मार्गावर फेऱ्या घालावयाच्या असतात. हीहि शर्यत मॉस यांनीं जिंकली. लमां येथील चोवीस तासांची शर्यत पांच वेळां जिंकणारे डेरेक बेल यांनीं ही यंत्रांची शर्यत दोनदां जिंकली, आणि त्यांपैकीं एका विजयांत मॉस त्यांचे जोडीदार होते.

एवढ्या मोठ्या पुरुषाला या खेळांत काय सांपडलें असेल? याचें उत्तर खेळाच्या घडणींतच आहे. या यंत्रांना स्प्रिंगा नसतात. बैठक उंच आणि चाकें जवळजवळ असल्यामुळें वळणावर स्वारानें आपलें सारें अंग आंत झुकविलें नाहीं तर यंत्र कलंडतें. वेग ताशीं तीस-चाळीस मैलांचाच, पण जमिनीच्या खांचखळग्यांवर तो हाडांना पुरेसा जाणवतो. बारा तास टिकावयाचें तर यंत्राला गोंजारावें लागतें. कोठें आवरावें, कोठें सोडावें, आणि कोणत्या खड्ड्याला वळसा घालावा, याचा विचार रात्रभर जागा ठेवावा लागतो. ही विद्या मॉस यांच्या परिचयाची होती. १९५४ सालीं अमेरिकेंतील सेब्रिंग येथील बारा तासांची शर्यत त्यांनीं आणि बिल लॉइड यांनीं दीड लिटरहूनहि लहान इंजिनाच्या ओस्का मोटारींतून जिंकली होती. मोठमोठ्या मोटारी मोडून पडल्या. ओस्काचे ब्रेक शेवटीं जवळजवळ निकामी झाले होते, तरी तिला जपून जपून त्यांनीं शेवटापर्यंत नेलें. सेब्रिंगच्या धांवपट्टीवर जें कसब लागलें तेंच विस्बरो ग्रीनच्या शेतांतहि लागतें.

आणि दुसरें उत्तर त्यांच्या स्वभावांत आहे. बिदागी घेऊन धांवणारा मनुष्य बिदागीसाठींच धांवतो अशी एक समजूत असते. मॉस यांनीं ती खोटी ठरविली. ज्यांनीं धंदा म्हणून शर्यतीचा पै-पैचा हिशेब ठेवला, त्यांनींच, जेथें एक पैहि मिळण्याची सोय नाहीं अशा खेळांत, सुतार, शेतकरी किंवा कारकून असा जो कोणी शेजारीं उभा राहील त्याच्या बरोबरीनें शर्यत केली. त्यांना तेथें कोणी विशेष सवलत देण्याचें कारण नव्हतें. नियम सर्वांना सारखे, आणि चिखलहि सर्वांना सारखा. पोर्तोच्या साक्षींत जो मनुष्य दिसतो तोच येथेंहि दिसतो. जिंकण्याची त्याला विलक्षण ओढ, परंतु शर्यत खरी असली पाहिजे हा आग्रह त्या ओढीहून मोठा.

२००० सालीं त्यांना ‘सर’ ही पदवी मिळाली. जुन्या ऐतिहासिक मोटारींच्या शर्यतींत ते उतारवयांतहि भाग घेत. जून २०११ मध्यें लमां येथें अशाच एका शर्यतीच्या पात्रता-फेरींत आपल्याला भीति वाटली, असें त्यांच्या ध्यानांत आलें, आणि त्यांनीं तेथेंच थांबण्याचें ठरविलें. वय त्या वेळीं एक्याऐंशी वर्षांचें होतें. १९६३ सालीं गुडवुडला जो प्रामाणिकपणा त्यांनीं स्वतःशीं दाखविला तोच येथेंहि दाखविला, आणि हें त्यांनीं नभोवाणीवरूनच जगास सांगितलें.

गुडवुडच्या ज्या भूमीनें त्यांचा धंदा हिरावून घेतला त्याच परगण्यांतील एका शेतानें त्यांना खेळ परत दिला. धंदा गेला तरी खेळ उरतो, ही गोष्ट फारच थोड्या व्यावसायिकांना साधते. मॉस यांना ती साधली. २१२ विजयांच्या यादींत हिरवळीवरचे हे विजय कोणी मोजत नाहीं. ते मोजले जावेत अशी अपेक्षाहि त्या शेतांत जमणाऱ्या मंडळींची नाहीं. बक्षिसावांचून खेळणाऱ्यांना एवढें पुरे आहे कीं, एके काळीं जगांतील अत्यंत वेगवान म्हणून गाजलेला मनुष्य त्यांच्या रांगेंत येऊन उभा राहिला, आणि इशारा होतांच त्यांच्याइतक्याच उत्साहानें निघाला.